राहून गेलेल्या अर्जाचं प्रकरण : ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ घराघरांत कसा पोचला

हॉलिवूडचा दिग्दर्शक फ्रँक कॅप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ २० डिसेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कच्या ग्लोब थिएटरात लागला, तेव्हा एका नव्याकोऱ्या कंपनीचं भवितव्य त्याच्यावर अवलंबून होतं. महायुद्धातून परतलेल्या कॅप्राने सॅम्युअल ब्रिस्किन, विल्यम वायलर आणि जॉर्ज स्टीव्हन्स यांच्यासोबत ‘लिबर्टी फिल्म्स’ काढली होती. मोठ्या स्टुडिओंची लुडबुड नको, आपले चित्रपट आपल्या मनासारखे करू, हा त्यामागचा विचार. पहिलाच चित्रपट महागडा झाला. खर्च तीस लाख डॉलरच्या वर गेला आणि वितरक आरकेओच्या वहीत शेवटी ५ लाख २५ हजार डॉलरचा तोटा नोंदवला गेला. ऑस्करची पाच नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही मिळाला नाही. त्या वर्षीचे मोठे मान वायलरच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ने नेले. भागीदार लिबर्टीचा, पण तो चित्रपट त्याने सॅम्युअल गोल्डविन या दुसऱ्या निर्मात्यासाठी केला होता. १९४७ मध्येच लिबर्टी फिल्म्स पॅरामाउंटला विकली गेली.

आता पुढचं टोक पाहा. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाचं नाव गेलं. २००६ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने काढलेल्या, उभारी देणाऱ्या शंभर चित्रपटांच्या यादीत तो पहिला आला. नाताळच्या आदल्या रात्री तो लावणं हा कित्येक अमेरिकी घरांतला शिरस्ता आहे.

मधल्या काळात काय झालं, याचं ठरलेलं उत्तर एका वाक्यात सांगितलं जातं : कॉपीराइट संपला, टीव्हीवाल्यांना फुकटात चित्रपट मिळाला, त्यांनी तो इतक्यांदा दाखवला की लोकांना आवडायला लागला. यातला घटनाक्रम खरा आहे, निष्कर्ष मात्र मला अजिबात पटत नाही. दाखवून दाखवून एखादी गोष्ट ओळखीची होईल, जिवाभावाची होत नाही. म्हणून हे प्रकरण जरा सावकाश उलगडून पाहायला हवं.

कार्डावरची कथा

मूळ कथा फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न या लेखकाची, ‘द ग्रेटेस्ट गिफ्ट’. नाताळच्या आदल्या रात्री पुलावरून जीव द्यायला निघालेल्या माणसाला, तो जन्मालाच आला नसता तर काय झालं असतं, हे दाखवलं जातं, अशी ती गोष्ट; चित्रपटात हे दाखवायला देवदूत येतो. ती कुठेच विकली जाईना, तेव्हा त्याने १९४३ च्या नाताळात तिच्या दोनशे प्रती स्वतःच छापून शुभेच्छापत्रासारख्या ओळखीपाळखीत वाटल्या. त्यातली एक फिरत फिरत हॉलिवूडमध्ये पोचली. आरकेओने १९४४ मध्ये दहा हजार डॉलरला हक्क घेतले, दोन-तीन लेखकांकडून पटकथा लिहून घेतल्या, एकही जमली नाही. मग कॅप्राने ते सगळं बाड आपल्याकडे घेतलं. फ्रान्सेस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट या लेखक जोडप्याने आणि स्वतः कॅप्राने अंतिम पटकथा तयार केली. ही छोटी कथा लक्षात ठेवा, कारण पन्नास वर्षांनी न्यायालयाच्या दारात तीच उपयोगी पडणार आहे.

चित्रीकरण १९४६ च्या एप्रिल ते जुलैमध्ये झालं, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या भर उन्हाळ्यात. एन्सिनोतल्या आरकेओच्या जागेवर चार एकरांत बेडफर्ड फॉल्स नावाचं अख्खं गाव उभं केलं होतं. तोवर पडद्यावरचा बर्फ म्हणजे पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स. ते पायाखाली इतके कुरकुरायचे की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. इथे आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचं मिश्रण पंख्यांनी उडवलं. त्याचा आवाज होत नव्हता, त्यामुळे बर्फातले संवाद जागच्या जागी ध्वनिमुद्रित करता आले. पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीने या तंत्रासाठी आरकेओच्या विभागाला तांत्रिक पुरस्कार दिला. पुलावरच्या प्रसंगात नायक झालेल्या जेम्स स्टुअर्टच्या चेहऱ्यावर घाम दिसतो तो खराच आहे.

स्टुअर्टबद्दल थोडं सांगायला हवं. तो युद्धातून नुकता आला होता. बी-२४ बॉम्बफेकी विमानातून त्याने युरोपवर वीस लढाऊ मोहिमा केल्या होत्या, आणि परतल्यावर आपल्याला अजून अभिनय येतो का, याचीच त्याला शंका होती. हा त्याचा युद्धानंतरचा पहिला चित्रपट. यातला नायक जॉर्ज बेली रागावतो तेव्हा तो राग पटकथेत लिहिलेल्या रागाहून मोठा वाटतो, त्यामागे हा माणूस कुठून आला होता हे आहे, असं मी मानतो.

पहिल्यांदा का आपटला

एक कारण वेळापत्रकाचं. आरकेओचा रंगीत ‘सिंदबाद द सेलर’ वेळेत तयार होईना, म्हणून नाताळची जागा भरायला आणि त्या वर्षीच्या ऑस्करमध्ये बसवायला कॅप्राचा चित्रपट घाईने पुढे ओढला. न्यूयॉर्कमध्ये तो डिसेंबरात लागला खरा, पण बाकी देशात पोचला तो जानेवारी १९४७ मध्ये, सण उलटून गेल्यावर. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउदरने त्यातली भावुकता हीच त्याची कमजोरी म्हटली. आणि युद्ध संपून दीड वर्षही न झालेल्या प्रेक्षकाला आत्महत्येच्या काठावर उभा असलेला माणूस पाहायचा होता का, हा प्रश्न उरतोच. आज तो ‘नाताळचा गोड चित्रपट’ म्हणून ओळखला जातो, त्यामुळे तो मुळात किती काळोखा आहे हे विसरायला होतं.

१९४७ मध्येच एफबीआयच्या एका टिपणात या चित्रपटावर शेरा आहे : गावातल्या सावकार पॉटरला इतका दुष्ट दाखवणं म्हणजे बँकवाल्यांची बदनामी, आणि ही कम्युनिस्टांची नेहमीची रीत. आयुष्यभर रिपब्लिकन विचारांचा राहिलेला स्टुअर्ट त्यात नायक होता, हे त्या टिपणाच्या शेजारी ठेवून वाचावं.

१९७४

पुढची पंचवीस वर्षं चित्रपटाचे हक्क हातोहात फिरले आणि शेवटी नॅशनल टेलिफिल्म असोसिएट्स या टीव्हीला जुने चित्रपट पुरवणाऱ्या कंपनीकडे आले. तेव्हा अमेरिकेत १९०९ चा कॉपीराइट कायदा लागू होता. त्यानुसार पहिली मुदत २८ वर्षांची. अठ्ठाविसाव्या वर्षी अर्ज करून नूतनीकरण केलं तर आणखी २८ वर्षं मिळत. अर्ज आला नाही तर कृती सगळ्यांची. कुणी आठवण करून देत नसे, दंड भरून मागाहून दुरुस्तीही होत नसे. १९७४ मध्ये हा अर्ज कारकुनी चुकीने राहून गेला.

यानंतर ज्याच्याकडे प्रत असेल तो चित्रपट दाखवू शकत होता, हक्कधारकाला काही न देता. याचा अर्थ कळायला त्या काळची टीव्हीची बाजारपेठ समजून घ्यावी लागते. तीन मोठी नेटवर्क नाताळच्या आठवड्यात गायक, नर्तक, पाहुणे कलाकार घेऊन भरपूर पैसा ओतून खास कार्यक्रम करत. गावोगावच्या स्वतंत्र वाहिन्या आणि देणग्यांवर चालणारी सार्वजनिक केंद्रं त्यांच्यासमोर काय ठेवणार? त्यांना १३० मिनिटांचा, नामवंत नट असलेला, सहकुटुंब पाहता येईल असा आणि नाताळात संपणारा चित्रपट बिनपैशात मिळाला. एकाच शहरात तो आठवड्याभरात तीन-चार वाहिन्यांवर लागू लागला. पुढे व्हिडिओ कॅसेट आल्या, तेव्हा कुणीही उठून त्याच्या कॅसेट काढून विकल्या. प्रती बहुतेक वाईट होत्या, ओरखडे पडलेल्या, आवाज फाटलेला. तरी लोक पाहत होते.

कॅप्राने १९७१ च्या आत्मचरित्रातच हा आपला सर्वश्रेष्ठ चित्रपट म्हटलं होतं, म्हणजे कॉपीराइट सुटण्याच्या तीन वर्षं आधी. तेव्हा ते एका वृद्ध दिग्दर्शकाचं मत होतं. १९८६ च्या डिसेंबरात मात्र ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाने त्याचा ‘हरवलेला शेवट’ म्हणून एक प्रहसन केलं. त्यात चित्रपटातली सगळी मंडळी उठून पॉटरला चोप द्यायला जातात. असं प्रहसन तेव्हाच करता येतं, जेव्हा मूळ शेवट देशातल्या प्रत्येकाला पाठ आहे याची लिहिणाऱ्याला खात्री असते. बारा वर्षांत ही मजल गाठली गेली होती.

फुकट होता म्हणूनच का?

इथे तुलनेसाठी दोन चित्रपट हाताशी आहेत आणि दोन्ही फार बोलके आहेत.

पहिला कॅप्राचाच, १९४१ चा ‘मीट जॉन डो’. गॅरी कूपर आणि बार्बरा स्टॅनविक, दोघंही त्या वेळचे मोठे तारे. त्यातही साधा माणूस, त्यातही पैसेवाला खलनायक, त्यातही नाताळच्या आदल्या रात्री उंचावरून उडी मारून जीव देण्याची गोष्ट. आणि त्याच्याही कॉपीराइटचं नूतनीकरण झालं नाही, तोही सगळ्यांचा झाला. दिग्दर्शक, ऋतू, विषय, फुकटपणा, सगळं जुळतं. तरी नाताळला घरोघरी ‘मीट जॉन डो’ लावला जात नाही. चित्रपटाचे अभ्यासक तो पाहतात, सण म्हणून कुणी पाहत नाही. फुकटपणानेच सगळं होत असतं तर या दोघांची गत सारखी व्हायला हवी होती.

दुसरा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’. हाही १९३९ मध्ये पहिल्या फेरीत खर्च भरून काढू शकला नव्हता. त्याचा कॉपीराइट शाबूत होता, सीबीएस या नेटवर्कने पैसे मोजून तो नोव्हेंबर १९५६ मध्ये पहिल्यांदा टीव्हीवर दाखवला आणि १९५९ पासून वर्षातून एकदा दाखवायला सुरुवात केली. फुकट नसतानाही तो पिढ्यांचा झाला.

दोन्ही शेजारी ठेवले की दिसतं ते असं : लागते ती ठरलेल्या काळी होणारी पुनरावृत्ती. कॅप्राच्या चित्रपटाला ती फुकटपणामुळे मिळाली, ऑझला पैसे देऊन मिळाली. पण पुनरावृत्ती सोसायला चित्रपटाच्या अंगात काहीतरी असावं लागतं. ‘जॉन डो’च्या अंगात ते नव्हतं. त्याचा नायक एका विचाराचा प्रतिनिधी आहे, त्याला घर नाही, लहानपण नाही. शेवट काय करावा हे कॅप्राला ठरवता येईना, त्याने वेगवेगळे शेवट चित्रित करून पाहिले, आणि ती अनिश्चितता पडद्यावर उतरली आहे.

जॉर्ज बेलीच्या अंगात काय आहे

नाताळ या चित्रपटात फार थोडा आहे. गोष्ट सुरू होते १९१९ मध्ये, बारा वर्षांच्या जॉर्जपासून. गोठलेल्या तळ्यात पडलेल्या धाकट्या भावाला तो वाचवतो आणि एका कानाने बहिरा होतो. मग १९२८ चा नाच, वडिलांचं अकस्मात जाणं, कॉलेजसाठी साठवलेले पैसे भावाला देणं, १९३२ मध्ये मेरीशी लग्न, युद्ध, आणि शेवटी २४ डिसेंबर १९४५ ची रात्र. जग पाहायला निघालेला मुलगा गाव सोडूच शकत नाही, एवढीच कथा. प्रत्येक वेळी कुणाची तरी गरज आडवी येते आणि तो थांबतो.

मला वाटतं, टिकण्याचं मर्म इथे आहे. दहा वर्षांचं मूल तळ्यातला प्रसंग आणि देवदूत पाहतं. विशीतला प्रेक्षक फोनवरचा तो प्रसंग पाहतो, जिथे जॉर्ज आणि मेरी एकाच रिसीव्हरला कान लावून उभे आहेत आणि जॉर्ज प्रेमात पडतोय म्हणून चिडलाय. चाळिशीतल्याला दिसतो तो नाताळच्या संध्याकाळी घरी येऊन पोरांवर खेकसणारा, वस्तू लाथाडणारा बाप. दरवर्षी तोच चित्रपट लावला तरी पाहणारा एक वर्षाने मोठा झालेला असतो, आणि या गोष्टीत प्रत्येक वयाच्या माणसाला आत शिरायला दार आहे. वार्षिक प्रक्षेपणाला याहून योग्य रचना कुठली असेल?

मराठी वाचकाला तर यातला एक प्रसंग समजावूनही सांगावा लागणार नाही. बेलींची ‘बिल्डिंग अँड लोन’ म्हणजे सभासदांच्या ठेवींतून घरकर्ज देणारी पतपेढी. लग्नाच्या दिवशी जॉर्ज आणि मेरी मधुचंद्राला निघालेत आणि गावात अफवा पसरते. पेढीच्या बंद जाळीसमोर रांग. लोक आपले पैसे मागतात. जॉर्ज त्यांना सांगतो की तुमचे पैसे इथे तिजोरीत नाहीत, ते शेजारच्याच्या घरात आहेत, त्याचे पैसे तुमच्या घरात आहेत. पतसंस्थेचा अर्थ इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेला मी तरी पडद्यावर पाहिलेला नाही. पॉटर निम्म्या भावाने ठेवी विकत घ्यायला टपलेला. मेरी मधुचंद्राचे दोन हजार डॉलर पुढे करते. एकजण हट्टाने आपले सगळे २४२ डॉलर मागतो आणि घेतो. मग एक बाई वीसवर भागवते. त्यामागची बाई म्हणते, मला साडेसतरा मिळतील का? जॉर्ज जाळीवरून वाकून तिच्या गालाचा मुका घेतो. संध्याकाळी सहाला तिजोरीत दोन डॉलर उरतात. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. त्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हा साडेसतरा डॉलरचा क्षण आतपर्यंत जाईल.

आणि बारमधली प्रार्थना. पेढीचे आठ हजार डॉलर हरवलेत, अटक समोर आहे, जॉर्ज देवाला म्हणतो की मी काही प्रार्थना करणारा माणूस नाही, पण तू असशील तर मला वाट दाखव. स्टुअर्टने नंतर लिहिलं आहे की बोलता बोलता त्याला खरंच रडू कोसळलं. कॅप्राला तो चेहरा जवळून हवा होता, पण कॅमेरा लांब होता आणि ते पुन्हा घडवून आणणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने प्रयोगशाळेत एकेक चौकट मोठी करून घेतली. तिथे चित्र किंचित भरड दिसतं. मला तो भरडपणा प्रिय आहे.

आठ हजार डॉलर पॉटरकडेच राहतात. जॉर्जच्या काकाच्या हातून चुकून त्याच्याकडे गेलेले पैसे तो दडवतो आणि त्याला शिक्षा होत नाही. गुन्हेगाराला शासन झालंच पाहिजे असा तेव्हाच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेचा दंडक असताना हे घडलं आहे. शेवटी गाव मिळून पैसे जमवतं, जॉर्ज वाचतो, पण अन्याय तसाच राहतो. म्हणूनच या शेवटाला भाबडा म्हणणं मला मान्य नाही. त्या प्रहसनातल्या लोकांना पॉटरला बडवावंसं वाटलं, कारण ते देणं खरोखरच बाकी आहे.

पुन्हा कुलूप

लोकप्रियता वाढली तसे तिच्यावर हक्क सांगणारेही वाढले. हल रोच स्टुडिओने १९८६ मध्ये संगणकाने रंगवलेली आवृत्ती आणली. कॅप्रा आणि स्टुअर्ट दोघांनी कडाडून विरोध केला, स्टुअर्ट काँग्रेससमोर साक्ष द्यायला गेला. हक्क सुटलेल्या चित्रपटाचं काय करायचं, हे ठरवायचा अधिकार निर्मात्यालाही उरला नव्हता. रंगवण्याच्या या वादातूनच १९८८ चा चित्रपट जतन कायदा झाला, आणि आधी उल्लेख केलेली राष्ट्रीय नोंदवही त्याच कायद्याने सुरू झाली.

खरं वळण १९९० मध्ये आलं, दुसऱ्याच चित्रपटावरून. हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’मागच्या मूळ कथेचे हक्क ज्याच्याकडे होते, त्या एबेंडने दावा लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला : मूळ कथेचं नूतनीकरण ज्याच्याकडे आहे, त्याला डावलून तिच्यावर बेतलेला चित्रपट दाखवता येणार नाही. खटल्याचं नाव ‘स्टुअर्ट विरुद्ध एबेंड’. यातला स्टुअर्ट म्हणजे जेम्स स्टुअर्टच. ‘रिअर विंडो’च्या मालकीत त्याचा वाटा होता. तो हरला आणि त्या निकालाने त्याच्या दुसऱ्या चित्रपटाला कुलूप लावण्याची किल्ली तयार झाली.

नॅशनल टेलिफिल्मचं नाव तोवर रिपब्लिक पिक्चर्स झालं होतं. ‘द ग्रेटेस्ट गिफ्ट’च्या कॉपीराइटचं वेळेत नूतनीकरण झालेलं होतं. रिपब्लिकने त्या कथेचे हक्क हाताशी धरले, संगीताचेही घेतले आणि १९९३ मध्ये सगळ्या वाहिन्यांना कळवलं की आता फुकट दाखवणं बंद. चित्रं मोकळी होती, पण त्यातली कथा आणि संगीत मोकळं नव्हतं. १९९४ मध्ये एनबीसी या नेटवर्कने एकट्याने प्रक्षेपणाचे हक्क घेतले. पुढे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत हक्क पुन्हा पॅरामाउंटकडे गेले, जिथे १९४७ मध्ये लिबर्टी फिल्म्स गेली होती.

आपल्या कायद्यातही ही दुहेरी रचना आहे, हे जुन्या मराठी चित्रपटांत रस असणाऱ्याने जाणून घ्यावं. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यासाठी कुठला अर्ज राहून जावा लागत नाही. पण कथा, गीतं, संगीत यांचे हक्क वेगळे मोजले जातात, लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत. तेव्हा प्रभातचा एखादा चित्रपट मोकळा झाला तरी त्यातलं गाणं मोकळं झालेलं असेलच असं नाही.

एनबीसीने तो वर्षातून एक-दोनदाच दाखवायचं ठरवलं. वीस वर्षं ढिगाने मिळालेला चित्रपट अचानक मोजका झाला, तरी प्रेक्षक कमी झाले नाहीत. उलट ‘आज रात्री’ असं त्याला म्हणता येऊ लागलं, बाकी कामं त्याच्या वेळेनुसार आखली जाऊ लागली. हे १९७४ मध्ये घडलं असतं तर चित्रपट गोदामातच राहिला असता. १९९४ पर्यंत त्याच्यावर वाढलेली एक पिढी स्वतःची मुलं घेऊन टीव्हीसमोर बसत होती, आणि तिला हा चित्रपट शोधून द्यायला आता कुठल्याच वाहिनीची गरज नव्हती.